घरमालक डिपॉझिट देत नाहीये? आधी चावी देऊ नका

पुण्यात माझे ६० हजार अडकले होते, "पेंटिंगचे कापणार" म्हणे, आणि अकरा महिन्यांत भिंतीला एक खिळा पण ठोकला नव्हता मी. तर आधी लिव्ह अँड लायसन्स करार काढून डिपॉझिटचा क्लॉज वाचा, बहुतेक वेळा चावी आणि पैसे एकाच वेळी असंच लिहिलेलं असतं. सोडायच्या दिवशी सगळ्या खोल्यांचा, नळ गिझर चालू करून व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग पण, आणि लाइट बिल भरल्याची पावती ठेवा. फोनवर भांडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, कशाचे किती कापले त्याची बिलं दाखवा म्हणावं. माझ्या घरमालकाचं गाडं इथेच अडलं, बिल एकही नव्हतं! तरी ऐकलं नाही तर वकिलाकडून नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने. बरेच जण इथे नरमतात. नाहीच तर कोर्ट, दावा साधारण ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. करार रजिस्टर नसेल तरी घाबरू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची असते, तुमची नाही.