कमी पैशांत मजेची आणि भरवशाची गाडी: पहिल्या खरेदीत या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण नोकरीची पहिली काही वर्षे काटकसरीने काढून साडेतीन-चार लाख रुपये जमवतो आणि गाडीच्या शोधात निघतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: गाडी चालवताना मजा यावी आणि ती वाटेत बंद पडू नये. यांपैकी एकच मिळते, दुसरीवर पाणी सोडावे लागते, असे अनेकजण धरून चालतात आणि बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात शॉकॲब्सॉर्बर गळणारी, क्लच घसरणारी आणि टायर दगडासारखे कडक झालेली शंभर अश्वशक्तीची गाडी घाटाच्या वळणावर जीव टांगणीला लावते, तर सर्व भाग जागेवर असलेली साधी हॅचबॅक त्याच वळणावर चालकाला खूश करते. म्हणून या बजेटमध्ये मॉडेलच्या नावापेक्षा गाडीची अवस्था आधी पाहावी.

सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालणे

हातात चार लाख असतील तर चार लाखांचीच गाडी शोधली जाते, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आठ-नऊ वर्षांची गाडी घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत खर्च मागतेच. चार टायरना पंधरा ते वीस हजार लागू शकतात. त्याशिवाय बॅटरी, ब्रेक पॅड, इंजिन ऑइल, कूलंट, विमा आणि नाव हस्तांतर हे सर्व ओळीने उभे राहते. चार लाखांपैकी सव्वातीन लाखांपर्यंतच गाडीचा सौदा करावा आणि उरलेले पैसे तिच्यासाठीच बाजूला ठेवावेत. ज्याने हे पैसे राखले नाहीत, तो टायर बदलणे पुढे ढकलतो, मग मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना भुसावळच्या रस्त्यावर टायर फुटतो आणि दोष मात्र मॉडेलला दिला जातो.

टायरचे वय त्याच्या बाजूवरील चार आकडी खुणेत लिहिलेले असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा वर्षांपेक्षा जुने टायर खान्देशच्या उन्हात वापरण्यात शहाणपणा नाही.

मजा अश्वशक्तीत मोजणे

गाडी चपळ वाटते ती मुख्यतः तिच्या हलक्या वजनामुळे, अचूक स्टेअरिंगमुळे आणि नेमक्या पडणाऱ्या गिअरमुळे. २०१८ मध्ये आलेली तिसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट ११९७ सीसीच्या इंजिनातून ८३ पीएस (अश्वशक्तीचेच एक माप) देते, आणि तिचे वजन नऊशे किलोंच्याही आत असल्यामुळे चाळीसगावहून कन्नड घाट चढताना ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जो उत्साह दाखवते, तो तेवढ्याच किमतीतील जुन्या, जडशीळ एसयूव्हीकडून मिळत नाही. २०११ ते २०१८ या काळात विकली गेलेली होंडा ब्रिओ हा असाच एक दुर्लक्षित पर्याय आहे. ८८ पीएसचे १.२ लिटर इंजिन आणि छोटा देह यांमुळे ती शहरात आणि तोरणमाळच्या वळणांवर सारखीच खेळकर वाटते, मात्र तिची डिकी नावापुरतीच आहे. टाटा टियागो या दोघींपेक्षा सौम्य आहे, पण तिचे अंग भक्कम आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर सरळ रस्ता मिळतो म्हणून कमाल वेग पाहून गाडी निवडणारे कमी नाहीत. त्या महामार्गावर ट्रॅक्टर, ऊस आणि केळीच्या गाड्या, तसेच उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार यांच्यामध्ये उपयोगी पडतो तो ऐंशीवरून शून्यावर येण्याचा भरवसा. म्हणूनच एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली खालच्या श्रेणीची गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली, तर पुढच्या दोन्ही एअरबॅग सर्व मॉडेल्समध्ये २०२१ च्या अखेरीनंतर आल्या. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी आहेत की नाहीत, हे तिच्या श्रेणीवर अवलंबून असते आणि ते प्रत्येक गाडीपाशी जाऊन स्वतः तपासावे लागते.

बाजारातून गेलेल्या मॉडेलच्या प्रेमात पडणे

येथे मोह खरा आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. फियाट पुंटोचे हायड्रॉलिक स्टेअरिंग, फोर्ड फिगोचे १.५ लिटर डिझेलचे १०० पीएसचे इंजिन किंवा फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय यांची मजा स्विफ्टमध्ये नाही. शिवाय कंपनी गेल्यामुळे किंवा मॉडेल बंद पडल्यामुळे यांच्या किमती उतरलेल्या असतात. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये संपले.

मात्र अशा गाडीत कोणता भाग मिळेल आणि कोणता अडेल, याचा विचार उलट्या बाजूने केला जातो. लोक इंजिनाला घाबरतात. पुंटोचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन मूळ रूपाने मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्येही असल्यामुळे त्याचे बरेच भाग आणि त्याची माहिती असलेले मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतात. अडते ते हेडलाइट, बंपर, दरवाजाचे पॅनेल, आरसा आणि पॉवर विंडोचे बटण अशा ठिकाणी, कारण हे भाग फक्त त्याच गाडीचे असतात. किरकोळ धडक बसली की गाडी डेंटिंगवाल्याकडे महिनाभर उभी राहते. पोलो जीटी टीएसआयच्या सुरुवातीच्या गाड्यांत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, गिअरबॉक्स आहे. तो बिघडल्यास त्याची दुरुस्ती एवढ्या बजेटच्या गाडीला परवडणारी नसते. जवळचे जाणकार गॅरेज नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरला असेल, तर टोचनचा खर्चही गाडीच्या किमतीतच धरावा. घरात दुसरे वाहन असेल आणि ओळखीच्या मिस्त्रीचा त्या गाडीवर हात बसलेला असेल, तर पुंटो किंवा फिगो जरूर घ्यावी; रोज त्याच गाडीने एमआयडीसीत कामावर जायचे असेल तर घेऊ नये.

ॲव्हरेजपायी जुने डिझेल घेणे

महिन्याला ८०० किलोमीटर फिरणारी पेट्रोल गाडी लिटरला १७ किलोमीटर देते आणि डिझेल गाडी २१ देते असे धरले, तर पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर या भावाने वर्षाला सुमारे सतरा हजार रुपये वाचतात. आकडा आकर्षक आहे, पण इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच-फ्लायव्हीलची एकच दुरुस्ती ही बचत गिळून टाकू शकते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे बाजारातील प्रत्येक डिझेल स्विफ्ट त्याआधीची आहे आणि डिझेल मुळात जास्त फिरणाऱ्यांनीच घेतलेले असते. मीटरवर साठ हजार दिसत असतील आणि पेडलचे रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकचकीत व चालकाच्या सीटची कड बसलेली असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी मागाव्यात. विक्रेत्याचे “भाऊ, गाडी डॉक्टरांची होती” हे वाक्य नोंद म्हणून धरता येत नाही. तसे असते तर आपल्याकडे डॉक्टरांची संख्या फार मोठी निघाली असती.

सीएनजीबद्दल थोडक्यात एवढेच, की बाहेरून बसवलेले किट आरसीवर नोंदलेले आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली असावी. पण डिकी आणि पिकअप दोन्ही घटतात, त्यामुळे मजेसाठी गाडी घेणाऱ्याने ते टाळलेलेच बरे.

तापलेल्या इंजिनाची गाडी पाहणे

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला ती सुरू करू नका असे सांगावे आणि पोहोचताच बोनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करावी, कारण बरेच दोष इंजिन तापल्यावर लपतात. सोबत वीस वर्षे गाडी चालवणारे काका असण्यापेक्षा पैसे देऊन नेलेला मिस्त्री असावा, आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

चावी फिरवताच चेक इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून नंतर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल, तर दोष लपवण्यासाठी तो निकामी केलेला असण्याची शक्यता असते. थंड इंजिन सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळत आहे; पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधील सीलचा) संशय घ्यावा आणि सौदा तेथेच सोडावा. कूलंटच्या बाटलीत तेलकट थर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तरीही तेच.

खान्देशात कूलिंगची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते. अनेक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतलेले असते. त्याचा क्षार आत बसतो, रेडिएटर अर्धवट तुंबतो आणि हिवाळ्यात ठीक चालणारी गाडी एप्रिलमध्ये तापू लागते. म्हणून शक्यतो दुपारी, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी पंधरा-वीस मिनिटे उभ्या उभ्या चालू ठेवावी. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे, पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे आणि एसीचा गारवा टिकला पाहिजे. इंजिन गार झाल्यावर झाकण उघडून आत रंगीत कूलंट आहे की गंजट पाणी, तेही पाहावे.

चालवून पाहताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लचप्लेट संपली आहे. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरले तर आधी चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. फक्त ब्रेक मारताना थरथरले तर डिस्क वाकलेली असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना टकटक आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेला आहे. गतिरोधकावरचा खडखडाट बहुधा सस्पेन्शनमधील लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा असतो आणि मारुती-ह्युंदाईत तो फारसा महाग नसतो, त्यामुळे त्यावरून गाडी नाकारण्यापेक्षा भाव उतरवावा. याउलट बोनेट किंवा दरवाजाच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, ॲप्रनवर (बोनेटखालच्या, पुढच्या चाकांलगतच्या पत्र्यावर) नवे वेल्डिंग किंवा एकाच टायरची आतली कड झिजलेली दिसली, तर मोठी धडक बसून गेलेली असू शकते आणि ती कोणत्याही सवलतीत बसत नाही.

बाहेरच्या पासिंगचा हिशेब अर्धाच करणे

सुरत, बऱ्हाणपूर आणि इंदूर जवळ असल्यामुळे गुजरात आणि मध्य प्रदेश पासिंगच्या गाड्या आपल्या बाजारात सहज येतात. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंधनांमुळे तिकडच्या गाड्याही स्वस्तात देऊ केल्या जातात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची तर मूळ आरटीओचे नाहरकत प्रमाणपत्र आणून एमएच-१८, १९ किंवा ३९ वर नव्याने नोंदणी करावी लागते आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. मूळ राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. हा खर्च धरल्यावर फरक फारसा उरत नाही. पूरग्रस्त भागातील गाडी असण्याची शंका असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे का ते पाहावे आणि कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज तपासावा.

सजवलेली गाडी घेणे

स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर पहिल्या पावसात अडकते. गडद काचेच्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे आणि फटाके फोडणारा सायलेन्सर दंडाला निमंत्रण देतो. त्याहून महत्त्वाचे हे, की असे बदल करणाऱ्याने इंजिनही तसेच पिळलेले असते.

नाव बदलण्याआधी पूर्ण रक्कम देणे

टोकन देण्यापूर्वी एमपरिवहन ॲपवर मालकाचा क्रमांक, विम्याची व पीयूसीची मुदत आणि बँकेचा बोजा पाहावा, तसेच ई-चलन थकले आहे का ते तपासावे. कर्ज फेडले असे विक्रेता सांगत असेल आणि आरसीवर बोजा कायम असेल, तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत थांबावे. नाव हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर आवश्यक त्या सह्या झाल्यावर खरेदीदाराने तीस दिवसांत आरटीओकडे अर्ज केला पाहिजे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी मात्र चौदाच दिवस मिळतात. ते चुकवले आणि मध्येच अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) त्याच्यासोबत जातो, म्हणून नव्या मालकाचा हप्ता विक्रेत्याने दाखवलेल्या पावतीपेक्षा जास्त येतो. केवळ तृतीय पक्ष विम्याचा २०२२ मध्ये ठरवलेला वार्षिक दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये असून जीएसटी वेगळा असेल तर तो धरावा. किमतीतील शेवटचे पंचवीस-तीस हजार रुपये नव्या आरसीवर आपले नाव दिसल्यानंतर देण्याची अट सौद्याच्या कागदावर लिहून घ्यावी. प्रामाणिक विक्रेता कुरकुर करेल, पण सही करेल.