मुंबईतील स्मारके आणि दफनभूमी टिपताना या चुका टाळा

स्मारकाचे छायाचित्र नीट आले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे. हे कोणाचे स्मारक आहे, ते कोठे उभे आहे आणि त्यावर काय कोरलेले आहे, एवढे पाहणाऱ्याला त्यातून कळले पाहिजे. मुंबईत रोज काढल्या जाणाऱ्या असंख्य छायाचित्रांपैकी फार थोडी या कसोटीला उतरतात, आणि त्यामागे कॅमेऱ्याच्या दर्जापेक्षा चुकीची वेळ आणि घाई यांचाच हात अधिक असतो.

सूर्य कोणत्या बाजूला आहे, हे न पाहणे

गेटवे ऑफ इंडियाचे उदाहरण घेऊ. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली आणि १९२४ मध्ये खुली झालेली ही कमान पूर्वेला, बंदराकडे तोंड करून उभी आहे. सकाळी शहराच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून छायाचित्र काढले, तर सूर्य कमानीच्या मागे असतो, तिचा पिवळसर बेसॉल्ट काळपट दिसतो आणि मागचे आकाश पांढरे पडते. ही बाजू दुपार उतरल्यावर, साधारण तीननंतर टिपावी. समुद्राकडची बाजू मात्र सकाळीच खुलते, आणि ती टिपण्यासाठी घारापुरीला जाणारी लाँच ही सर्वांत सोयीची जागा आहे. लाँच सतत डोलत असल्यामुळे शटरचा वेग किमान १/५०० सेकंद ठेवावा. अन्यथा दगडाचे सांधे पुसट येतात. गिरगाव चौपाटीवर, जेथे १९२० मध्ये लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले, तेथे नेमके उलटे घडते. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असताना शहराकडून काढलेल्या छायाचित्रात लोकमान्यांच्या पुतळ्याची केवळ काळी आकृती उरते, म्हणून तेथे सकाळी जावे.

पुतळा काळा आणि फ्लोरा करडी का येते?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. गेटवेसमोरील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा उजळ आकाशासमोर काळा पडतो आणि फ्लोरा फाउंटनचा पांढरा दगड मळकट दिसतो, ते यामुळेच. दोन्ही ठिकाणी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, साधारण एक स्टॉप (दुप्पट) वाढवावे. मोबाइल असेल तर पुतळ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली तरी काम होते. उंच स्मारक मागे कलंडल्यासारखे दिसत असेल, तर कॅमेरा वर न झुकवता आपणच मागे सरकावे.

शिलालेख वाचता येत नाही

दफनभूमीत सर्वाधिक चुका येथे होतात, आणि त्यांतील काही दगडाला कायमची इजा करतात. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ मध्ये, आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त असताना सुरू झाली. गेटवेचे वास्तुकार विटेट आणि आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे दोघेही तेथेच विसावले आहेत. एवढ्या जुन्या जागी पावसाने आणि दमट हवेने संगमरवरावरची अक्षरे झिजतात, आणि ती उठून दिसावीत म्हणून काही जण खडू, पीठ, तेल किंवा दाढीचा फेस चोळतात. हे कधीही करू नये. खडूने मऊ दगड घासला जातो, तेल दगडात मुरून डाग पाडते, पिठावर बुरशी वाढते आणि फेसातील रसायने दगडाच्या छिद्रांत राहून जातात. तारेचा ब्रश तर हातातही घेऊ नये.

अक्षरे वाचण्यासाठी लागतो तो तिरपा उजेड. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळी लवकर समोरून ऊन पडते आणि कोरीव खाचा सपाट दिसतात. तेच ऊन अकरा-साडेअकराच्या सुमारास दगडाला घासून जाऊ लागले की प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली धरते आणि झिजलेले नावही वाचता येते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडासाठी दुपारी एकच्या आसपासची वेळ बरी. उत्तरेकडे तोंड असलेला लेख हिवाळ्यात दिवसभर सावलीतच राहतो, तेव्हा सोबत्याने बाजूला उभे राहून आरशाने ऊन वळवावे किंवा टॉर्च दगडाच्या कडेला अगदी टेकवून धरावा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उजेड समोरून फेकतो, त्यामुळे तो येथे उपयोगाचा नाही.

अलीकडच्या काळ्या, चकचकीत ग्रॅनाइटची अडचण वेगळी आहे. त्यात अक्षरांपेक्षा आपले प्रतिबिंबच ठळक दिसते. अशा वेळी गडद कपडे घालावेत, थोडे बाजूला सरकून उभे राहावे आणि सोबत्याला आपल्या मागे काळे कापड धरायला सांगावे. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, तिरप्या कोनातून चांगले काम करतो. अगदी समोरून त्याचा फरक पडत नाही.

माणसांचे भान न ठेवणे

अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि त्या भागातून दूर जावे. कबरीच्या दगडावर पाय देऊन कोन साधू नये, तसेच वाहिलेली फुले चौकट स्वच्छ दिसावी म्हणून हलवू नयेत. मलबार हिलवरील डुंगरवाडी हे पारशी समाजाचे अत्यंत खासगी अंत्यस्थान आहे, त्यामुळे शेजारच्या इमारतीतून टेलिलेन्स लावून तेथील काही टिपण्याचा विचारही करू नये.

दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला होणारी चूक मला विशेष खटकते. बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक येतात, आणि छायाचित्रांत मात्र पुष्कळदा फक्त गर्दी, रांगा आणि थकून झोपलेली माणसे दिसतात. त्याच दिवशी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात, आणि लांबून आलेली कुटुंबे खर्चाला आवर घालून तेथे पुस्तके विकत घेतात. या दिवसाचे खरे चित्र त्या पुस्तकांशिवाय अपुरे आहे. कोणाचे छायाचित्र काढायचे असेल तर आधी समोर जाऊन ‘जय भीम’ म्हणावे, परवानगी विचारावी आणि नकार आला तर तो लगेच मान्य करावा.

परवानगीकडे दुर्लक्ष

दफनभूमीत शिरताना आधी कार्यालयात जाऊन आपला हेतू सांगावा. तेथील कर्मचारी पुष्कळदा रांग आणि कबर शोधून देतात. घारापुरीसारख्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्थळी ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी लागते, आणि घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेजवळच नौदलाची गोदी असल्याने लेन्स त्या दिशेला वळवू नये. मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्यामुळे लेखी परवानगी हाती नसताना ड्रोन उडवू नये.

छायाचित्राखालची चुकीची किंवा अपुरी ओळ

हुतात्मा चौकात १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक शेजारी शेजारी आहेत, आणि कारंज्याच्या छायाचित्राखाली ‘हुतात्मा स्मारक’ असे लिहिलेले वारंवार आढळते. मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार म्हणजे हुतात्मा स्मारक. वर फुलांची रोमन देवता उभी आहे ते फ्लोरा फाउंटन. ज्यांनी या राज्यासाठी प्राण दिले, त्यांच्या स्मारकाची एवढी ओळख तरी आपल्याला असायला हवी.

कबरीची किमान तीन छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण दगड, लेखाचा जवळून घेतलेला भाग आणि आजूबाजूच्या कबरींसह परिसर. मुंबईत दफनासाठी जागा अपुरी असल्याने काही कबरी ठरावीक काळाने पुन्हा वापरल्या जातात, आणि मग आपले छायाचित्र हीच त्या नावाची शेवटची नोंद ठरू शकते. म्हणून रांग, क्रमांक आणि तारीख जागेवरच लिहून घ्यावी. लेख जसा कोरला आहे तसाच उतरवावा, त्यातील शुद्धलेखन सुधारू नये, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाजाने काही न भरता प्रश्नचिन्ह टाकावे.