विहिरीपासून घागरीपर्यंत: गावाचं पाणी कसं राखायचं

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. बचत गटातून मी गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर गेले आणि पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांमध्येही माझं नाव आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात अशा पाच बायका तयार करायच्या होत्या. तुमच्या गावातही असतील. त्या कोण आणि तपासणीची पेटी कुठल्या कपाटात पडून आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. काम तिथूनच सुरू होतं.

माझं सांगणं एकच आहे. आपल्याकडे विहिरीतलं पाणी बऱ्याचदा बरं असतं, ते बिघडतं वाटेत. टाकी, व्हॉल्व्ह, गल्लीतली पाइपलाइन, दारातला नळ, घरातली घागर, या वाटेने पाण्यासोबत एकदा पायी चाला. नवी योजना मागण्याआधी हे करा, कारण नवी योजनाही याच गल्लीतून जाणार आहे.

विहिरीवर गेलात की आधी आजूबाजूला बघा. पंधरा मीटरच्या आत उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा, कपडे धुवायचा दगड काही आहे का? कठडा फुटलाय का, तोंडावर जाळी आहे का, पावसाचं वाहतं पाणी आत उतरतं का? आरोग्य खातं एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जे सर्वेक्षण करतं, त्यात हेच बघतात आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. आपल्या गावाचं कार्ड कोणतं ते विचारा. लाल असेल तर ते का, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं असतं. उकिरडा हलवायला पैसे लागत नाहीत, पण भाऊबंदकीत बोलावं लागतं आणि ते अवघड आहे. आमच्याकडे दोन जाणत्या सासवा पुढे झाल्या तेव्हा कुठे ते जमलं.

आता टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पावडर गावात असते, टाकलीही जाते, पण अंदाजपंचे. हिशेब सोपा आहे: हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम. पन्नास हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा पावडर मोजून घ्या, एखाद्या प्लास्टिकच्या डब्याला तेवढ्यावर खूण करा आणि तो डबा टाकीजवळच ठेवा.

विहिरीत पाणी किती ते असं काढा. दोरीला दगड बांधून तळाला लागेपर्यंत सोडा. वर ओढल्यावर जेवढी दोरी ओली, तेवढी पाण्याची खोली. विहिरीचा व्यास फुटात मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, हे झाले लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत बारा फूट पाणी असेल तर साधारण १ लाख ५ हजार लिटर, म्हणजे सव्वापाचशे ग्रॅम पावडर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी तळाला गेलेलं असतं आणि पोळ्याला वर आलेलं, त्यामुळे वर्षभर एकच माप चालत नाही.

पावडर कोरडी विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी लगदा करा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत चुना तळाला बसतो. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोरीने विहिरीत सोडा आणि पाण्याखाली वर-खाली, इकडे-तिकडे फिरवा. खालचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका. टाकीत टाकायचं असेल तर टाकी भरत असताना टाका, धारेबरोबर ते आपोआप मिसळतं. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. हाताला मोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला हे ग्रामपंचायतीनेच दिले पाहिजेत.

पावडर जुनी झाली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. नव्या पावडरीत तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. २० टक्क्यांच्या खाली गेली की ती वापरायची नाही. पोतं ओलसर खोलीत, फरशीवर, उघड्या तोंडाने ठेवलं की हे लवकर होतं. फळीवर ठेवा, तोंड घट्ट बांधा, वर्षभराचा साठा एकदम घेऊ नका. शंका असेल तर पावडरीचाही नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळतो.

पण पावडर टाकली म्हणजे काम झालं असं मानू नका. आमचे जलसुरक्षक नाना प्रामाणिक माणूस आहेत. पहिल्यांदा मी तपासायला निघाले तेव्हा म्हणाले, "वहिनी, सकाळीच टाकली पावडर, तपासायचं काय त्यात?" तपासायचं ते शेवटच्या घरी. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घ्या, त्यात पेटीतल्या ओटी (ऑर्थोटोल्युडिन) द्रावणाचे सांगितलेले थेंब टाका आणि रंग लगेच बघा. पिवळा झाला तर क्लोरीन आहे. पेटीतल्या रंगपट्टीशी ताडून लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम निघाला पाहिजे. साथ असेल तेव्हा ०.५ ठेवा.

आणि इथेच ही साधी नळी मोठं काम करते. टाकीजवळ रंग चांगला पिवळा, मधल्या चौकात पिवळा आणि शेवटच्या गल्लीत पाण्याला रंगच नाही, असं झालं तर चौक ते गल्ली या टप्प्यात घाण आत शिरते आहे असं समजा. तो टप्पा पायी फिरा. बहुतेक वेळा गटारातून गेलेला पाइप, पाण्याने भरलेला व्हॉल्व्हचा खड्डा किंवा तोटी नसलेला नळ सापडतो. गावभर खोदण्यापेक्षा हे किती सोपं आहे!

व्हॉल्व्हच्या खड्ड्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. खानदेशात उन्हाळ्यात पाणी रोज येत नाही, कुठे चार दिवसांआड, कुठे आठ. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं आत ओढून घेतो. बाहेर गटार असेल तर गटार. त्यात कोणी नळाला मोटर लावली की ओढ आणखी वाढते. म्हणजे ज्या घरी मोटर आहे त्यांना पाणी जास्त मिळतं, पण घाण सगळ्या गल्लीला मिळते. मोटर काढा म्हटल्यावर भांडणं होतात, कारण मूळ दुखणं दाबाचं आहे. म्हणून आधी गल्लीवार वेळा ठरवा. एकावेळी एकच भाग सोडला की दाब वाढतो, मग मोटरचं कारण उरत नाही आणि ग्रामसभेत ठराव करता येतो. दाब नाही म्हणून लोक दारात खड्डा खणून नळ खाली उतरवतात. तो खड्डा बुजवून नळ जमिनीपासून दोन फूट वर घ्या आणि तोटी बसवा. व्हॉल्व्हचा खड्डा विटांनी जमिनीच्या वर उचला, वर झाकण टाका. गटारातून गेलेला पाइप बाजूने वळवा. या सगळ्याला गवंड्याचा थोडा रोज आणि थोडं सामान लागतं.

पाणी सुटल्यावर पहिली पाचेक मिनिटं पिण्याची घागर लावू नका. ते पाणी बादलीत घ्या, भांड्यांना, सड्याला वापरा.

क्लोरीनने सगळं कळत नाही. विहिरीच्या पाण्यात मैला उतरतोय का, हे बघायला एचटूएसची बाटली असते. पावडर टाकण्याआधीचं पाणी घ्या, झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका, खुणेपर्यंत भरा आणि २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा. उन्हाळ्यात घरातली हवाच पुरते, पौष-माघात कापडात गुंडाळा. पाणी काळं पडलं तर ते पिण्याचं नाही. तपासून झालेल्या बाटलीत टीसीएल टाकून मगच ती फेका. खारेपणा, फ्लोराईड, नायट्रेट यांसाठी वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केळी-कपाशीला खताचा मारा होतो त्या शेतांजवळच्या विहिरींवर खास लक्ष ठेवा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं, आणि तान्ह्या बाळाला त्याने सगळ्यात जास्त धोका असतो. असं पाणी निघालं तर बाळाच्या घरी दुसऱ्या विहिरीचं पाणी द्या.

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, मग पावडर. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळी भाऊबंदकी गावात येते आणि नेमकी तीच जुलाबाची वेळ. त्या आठवड्यात आम्ही शेवटच्या नळाची तपासणी रोज करतो.

आता घर. आखाजीला घरोघरी नवी घागर येते, पितरांसाठी ती भरली जाते. घागरीबद्दल बोलायला याहून चांगला दिवस नाही. झाकण, लांब दांड्याचं ओगराळं आणि घागर चुलीशेजारच्या उंच ओट्यावर, एवढंच मागा. पेला हातासकट बुडवला की वरची सगळी मेहनत तिथेच संपते. बायका म्हणतात, "अक्का, पानीले दवाईना वास येस." येतो, खरं आहे. पाणी थोडा वेळ ठेवलं की वास कमी होतो. पण वासाची तक्रार आली म्हणून पावडर कमी करायची नाही. पाणी साठवायच्या टाक्या आणि रांजण आठवड्यातून एक दिवस कोरडे घासा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

संडासाबद्दल लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती खोलीची. "एकदाच होऊन जाऊ दे" म्हणून दहा-बारा फूट खोल एकच खड्डा खणतात. तो खालच्या पाण्याला भिडतो आणि मग तेच पाणी विहिरीत येतं. दोन खड्डे करा, साधारण साडेतीन फूट व्यासाचे आणि तीन-चार फूट खोल, एकमेकांपासून किमान एक मीटर लांब. विटांची जाळी बांधा, तळ मोकळा ठेवा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही आणि ती फुगून बांधकाम दाबते, म्हणून खड्डा थोडा मोठा खणून विटांभोवती वाळू किंवा मुरूम भरा. पाण्याच्या विहिरीपासून पंधरा मीटर तरी लांब. दोन खड्ड्यांच्या मधल्या कुंडीत एका खड्ड्याचं तोंड वीट लावून बंद करा. पहिला भरायला पाच-सहा माणसांच्या घरात काही वर्षं लागतात. मग तोंड बदला. बंद केलेल्या खड्ड्यातलं दीड-दोन वर्षांनी कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं आणि शेतात जातं. वर गॅसचा पाइप लागत नाही, वायू मातीत जिरतो. जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवा म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात संडास वापरला जाईल की नाही, हे या भांड्यावरच ठरतं. ज्यांची जुनी सेप्टिक टाकी आहे त्यांनी तिचा पाइप गटारात सोडला असेल तर तो शोषखड्ड्यात वळवा. तो गटार पुढे कुणाच्या तरी नळाच्या पाइपावरून जातो.

मोरीच्या पाण्यालाही शोषखड्डाच, किंवा परसात केळी आणि अळू लावा.

पाणीच कमी असेल तर मात्र वरचं सगळं अपुरं पडतं. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात जमिनीखाली काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत. भिंतीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कोरडं. म्हणून बोअरची जागा भूजल सर्वेक्षण यंत्रणेला विचारून ठरवा. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा कायदा ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि जमलं तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथल्या कामासाठी. गावाने जंगल राखलं, दगडी बांध घातले आणि पाणी परत आलं.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग २०२१ ते २०२६ या काळात पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. तो कुठे खर्च झाला, हे विचारायचा हक्क प्रत्येक ग्रामस्थाला आहे. पुढच्या ग्रामसभेला जाताना काळी पडलेली बाटली आणि शेवटच्या नळाच्या नोंदींची वही सोबत न्या. ठराव तीनच मागा: व्हॉल्व्हचे सगळे खड्डे उचलून झाकणं, दर तीन महिन्यांनी टाकी धुऊन तिच्यावर तारीख रंगवणं आणि जलसुरक्षकाचं मानधन थकू न देणं. ठरावात काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.