आटलेले पट्टे आणि उरलेली लोकर

स्वेटरांतून उरलेले गुंडे संपवावेत म्हणून मी नातीसाठी सगळ्या ओळी सुलट विणून पट्ट्यापट्ट्यांचे पांघरूण केले. पण गरम पाण्यातल्या पहिल्याच धुण्यात काही पट्टे आटले आणि कडा आत ओढल्या गेल्या. मला फार वाईट वाटले. आटलेले पट्टे खऱ्या लोकरीचे होते, शेजारचे अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचे. आता प्रत्येक गुंड्याचा बोटभर धागा चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून, जाळून पाहते: खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते, तर अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. आटलेली लोकर धड उसवत नाही, म्हणून ते पट्टे कापले, उरलेल्या भागांचे टाके सुईवर उचलून अ‍ॅक्रिलिकचे नवे पट्टे विणले (बारीक धागा दुहेरी घेऊन) आणि तुकडे शिवून जोडले.