जुनी अमेरिकन प्रेस्ड ग्लासची दौत कशी पारखायची आणि कशी साफ करायची

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना इस्टेट सेलमध्ये किंवा फ्ली मार्केटला जाड काचेच्या दौती, टाक ठेवायचे ट्रे, पेपरवेट असं बरंच दिसतं. फार देखण्या वस्तू आहेत या, पण घ्यायच्या आधी नीट पारखून घ्या.

आधी नक्षीवरून बोट फिरवा. वितळलेली काच साच्यात घालून वरून दट्ट्याने दाबली की प्रेस्ड ग्लास होते, त्यामुळे नक्षीच्या कडा बोटाला गोलसर लागतात आणि साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते, कट ग्लास मात्र चाकावर कापलेली म्हणून धारदार लागते. काच साच्यात दाबायची ही पद्धत अमेरिकेत १८२० च्या दशकात रुजली, मॅसॅच्युसेट्समधली बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी (१८२५ ते १८८८) त्यातलं मोठं नाव.

मग टिचकी मारा. शिसं घातलेली काच घुमते. १८६४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगला काचतज्ज्ञ विल्यम लेटन यांनी स्वस्त सोडा-चुन्याची काच जमवली, तिचा आवाज बोदा येतो. पण दौत म्हणजे भरीव ठोकळाच असेल तर टिचकीवर विसंबू नका.

तळ भिंगातून बघाच, माझ्या मते सगळ्यात खरं तिथेच कळतं! वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या काचेवर जिथे ती टेकते तिथेच ओरखडे असतात, तेही वेगवेगळ्या दिशांनी आणि कमीजास्त खोल, सगळे एकाच दिशेने दिसले तर कुणीतरी पॉलिश पेपर घासलाय समजा. मँगनीज घातलेली काच उन्हाने फिकट जांभळी होते, गडद जांभळी बहुतेक वेळा मुद्दाम किरणं मारून केलेली असते.

आता सफाई. झाकणाची पितळी पट्टी बऱ्याचदा प्लास्टरने बसवलेली असते, म्हणून अख्खी दौत पाण्यात बुडवायची नाही, प्लास्टर भिजून पट्टी सुटते. आत ड्रॉपरने साधं पाणी घाला, पट्टीच्या खालपर्यंतच, रात्रभर ठेवा, शाई सुटली की मऊ ब्रशने काढा. गंजासारखा तपकिरी डाग उरला तर पांढरं व्हिनेगर थोडा वेळ ठेवून धुवा. गरम पाणी आणि डिशवॉशर अजिबात नको, जुनी काच तडकते.

एवढं करूनही आत धूसर राहिलं तर ती काचच खराब झालेली आहे, धुऊन जाणार नाही. पाणी किंवा तेल लावलं की हा धूसरपणा लपतो, म्हणून विकत घेताना आतून पुसून, कोरडी करूनच बघा.