एक्सेप्शनचं नियोजन कोड लिहिण्याआधी कसं करावं

४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसेना, एक्सेप्शन (चालता प्रोग्रॅम अडवणारी चूक) आलं आणि ते पकडायला कुणीच नव्हतं. खरं तर असा धोका असलेल्या सात व्हेरिएबल्सपैकी चारांना संरक्षण दिलेलं होतं. उरलेली तीन कधी मर्यादा ओलांडणार नाहीत असं गृहीत धरलं होतं. हा कोड ज्यावरून घेतला होता त्या आधीच्या एरियन ४ रॉकेटसाठी ते बरोबरही होतं.

तेव्हा सुरुवात कागदावर करा. डिझाइनच्या आकृतीत जो जो बाण आपल्या कोडबाहेर जातो (डेटाबेस, फाइल, पेमेंट गेटवे), तिथे खूण करून विचारा: उत्तर चुकीचं आलं तर? आलंच नाही तर?

दुसरा प्रश्न जास्त छळतो. पेमेंटची विनंती पाठवली आणि टाइमआउट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच आलं नाही. पैसे कापले गेले की नाही? कळायला मार्ग नाही. डोळे झाकून रीट्राय केलात, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवलीत, तर दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आपला क्रमांक द्यायचा आणि रीट्रायलाही तोच पाठवायचा. गेटवे तो ओळखून आधीचंच उत्तर परत देतो, अर्थात त्याच्याकडे ती सोय असेल तर. हा क्रमांक पहिल्या दिवसापासून टेबलात हवा. नंतर घुसवायचा म्हटलं की टेबल, एपीआय, ॲप सगळंच उकरावं लागतं.

मग चुकांची वर्गवारी करा. सर्व्हरकडून ५०३ (सेवा सध्या बंद) किंवा ४२९ (फार विनंत्या) हा कोड आला तर १, २, ४ सेकंद असं थांबत मोजकेच रीट्राय करा. तारीख चुकीची असेल तर वापरणाऱ्याला नेमकं सांगा. आपलाच बग असेल तर झाकू नका, फुटू द्या.

एक्सेप्शन पकडायचं कुठे? जिथे त्याचं काही करता येतं तिथेच. ‘नंतर बघू’ म्हणत मीही एकदा रिकामा कॅच ब्लॉक (एक्सेप्शन पकडून काहीच न करणारा कोड) ठेवला होता. रोज रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम तीन दिवस ‘यशस्वी’ दाखवत राहिला, फाइल मात्र शून्य बाइटची!

लॉगमध्ये (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदींत) व्यवहार क्रमांक लिहा. पासवर्ड, कार्ड नंबर चुकूनही नको.

शेवटी टेस्टमध्ये कागदावरचा एकेक बाण मुद्दाम तोडा. पहिला पेमेंटचा: पैसे कापले गेल्यावर, पण उत्तर पोचायच्या आत.