जांघेतली खाज: मलम लावण्याआधी कारण कसं शोधावं

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपल्याकडे उगाच रुळलेली नाही. जांघेत, अंडकोषावर किंवा योनीच्या बाहेरच्या भागावर खाज सुटली तर माणूस घरात बोलत नाही. औषधाच्या दुकानात जाऊन हळूच ‘खाजेचं मलम’ मागतो. चार दिवस बरं वाटतं आणि मग खाज आधीपेक्षा जास्त पसरते.

तिथली कातडी पातळ, घडीतली आणि कायम दमट असते. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड औषध हाताच्या कातडीत जितकं मुरतं, त्याच्या सुमारे 42 पट अंडकोषाच्या कातडीत मुरतं. साबण आणि सुगंधी द्रव्यंही अशीच लवकर झोंबतात. म्हणून इथल्या एक्झिमाचं, म्हणजे कातडी लाल होऊन खाजवणाऱ्या दाहाचं, कारण बरेचदा आपण रोज लावतो त्यातच सापडतं.

आधी सगळं बंद करा. निदान दोन आठवडे साबण, ‘इंटिमेट वॉश’, पावडर, ओले वाइप्स, केस काढायचं क्रीम, आंघोळीच्या पाण्यातलं जंतुनाशक, तसंच लिंबू, हळद, कडुनिंबाचा लेप यांतलं काहीही तिथे नको. नुसत्या कोमट पाण्याने, हातानेच, दिवसातून एकदा धुवा. घासणी वापरू नका. मऊ कापडाने टिपून घ्या आणि साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. (कंडोम वापरत असाल तर लक्षात ठेवा, जेली आणि तेल दोन्हींमुळे लॅटेक्स कमकुवत होऊन फाटू शकतं.) योनीचा आतला भाग धुवायचाच नसतो. तिथला सामू (पीएच) साधारण 3.8 ते 4.5, म्हणजे आम्लधर्मी असतो आणि साबण अल्कधर्मी. खाज म्हणजे अस्वच्छता, या समजुतीने कितीतरी बायका दिवसातून तीन-तीनदा साबण लावतात आणि त्रास वाढवून घेतात. हे मला फार सांगावंसं वाटतं, कारण यात त्यांची काहीच चूक नसते.

मग यादी करा. त्या जागेला काय काय लागतं ते लिहून काढा: सॅनिटरी पॅड, कपडे धुण्याची पावडर, घट्ट लेगिंग किंवा जीन्स, कंडोम, वंगण, आधी लावलेली मलमं. नकळत होणारी लघवीची गळतीही लिहा. तिने कातडी सतत भिजते, पण कोणी तिचा उल्लेख करत नाही. आराम पडला की बंद केलेल्या गोष्टींपैकी गरजेची असेल तेवढीच, एका वेळी एक, आठवड्याच्या अंतराने पुन्हा वापरून बघा.

इथे एक गफलत नेहमी होते. झोंबणारी वस्तू काही मिनिटांत किंवा तासांत आग करते, पण ॲलर्जीचं पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठतं. सोमवारी वापरलेल्या वाइपची खाज बुधवारी आली तर दोष बुधवारच्या जेवणाला दिला जातो. शिवाय वर्षानुवर्षं चाललेल्या वस्तूचीही ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. वाइप्समधली संरक्षक रसायनं, सुगंध, बधिर करणाऱ्या मलमातलं बेंझोकेन, अँटिबायोटिक मलमातलं निओमायसिन हे त्यातले नेहमीचे. घरी उलगडा झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात, म्हणजे संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात.

एक्झिमाच आहे ना, हे पडताळा. जांघेत कडा उठलेली, पसरत जाणारी चकती दिसली तर ते बहुधा गजकर्ण असतं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चड्डी घालणाऱ्यांना, भातलावणीत दिवसभर ओल्या कपड्यांत राहणाऱ्यांना ते सहज होतं. त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. चिठ्ठीशिवाय असं मलम घेऊच नका. रात्री खाज वाढत असेल आणि घरात इतरांनाही असेल तर खरजेचा संशय घ्या. दह्यासारखा पांढरा स्राव म्हणजे बहुधा यीस्टचा संसर्ग. तो पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. पाळी गेलेल्या बाईच्या योनीभोवती पांढरे, चकचकीत, सुरकुतलेले चट्टे दिसले तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

रात्रीची सोय. खाजवून कातडी जाड होते आणि जाड कातडी आणखी खाजते. नखं कापा. खाज आली की थंड पाण्यात भिजवून पिळलेलं कापड काही मिनिटं ठेवा. सैल सुती कपड्यात झोपा.

दोन आठवड्यांत उतार नाही, किंवा फोड, जखम, गाठ, रक्त, ताप, लघवीला आग यांपैकी काही आहे, तर लगेच दाखवा. लहान मूल आणि गरोदर बाई यांच्याबाबत दोन आठवडे वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी वाचून काहीजण दारातूनच परत फिरतात. एक्झिमासाठी तीच योग्य जागा आहे. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसं मोकळेपणी विचारा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.